पोकलेनचा पंजा

लग्नाच्या पंगतीत वाढणारी मंडळी तुम्ही पाहिली आहेतच. वरण वाढणाऱ्याच्या हाती डाव असतो, तूप वाढणाऱ्याच्या हाती एवढीशी चमची, आणि तिकडे भटारखान्यात आचारी कढईतली बुंदी उपसतो ती झाऱ्याने. त्या आचाऱ्याला जर कोणी सांगितले, की 'बाबा रे, डाव मोठा आहे, डावानेच काढ की बुंदी', तर तो सांगणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहील, नेमक्या त्याच नजरेने एका पोकलेनच्या ऑपरेटरने एकदा माझ्याकडे पाहिले होते.

उन्हाळ्याचे दिवस होते. एका शेतात शेततळे खोदण्याचे काम अगदी संपत आले होते. भाडे तासावर, शेतकरी बांधावर बसून घड्याळाकडे पाहत होता. आणि अशा वेळी ऑपरेटरने चालू यंत्र थांबवले, बकेटच्या दोन जाडजूड खिळी ठोकून काढल्या आणि ती बकेट उतरवून दुसरी चढवू लागला. अर्धा तास तरी मोडणार हे उघड होते. मी म्हटले, "अहो, एवढ्याशा कामाला पहिली बकेट चालली नसती का?" तो म्हणाला, "साहेब, हिला दात आहेत. उद्या इथं कागद अंथरायचाय."

त्याचे ते एक वाक्य नीट समजायचे असेल, तर विद्यार्थी मित्रांनो, आपल्याला त्या लोखंडी पंजाची थोडी ओळख करून घ्यायला हवी. ती करून घेताना तुमच्या पाठ्यपुस्तकातील दाब, तरफ, घनता आणि घनफळ ही मंडळी वाटेत भेटतीलच.

प्रथम नावाविषयी. पुस्तकी मराठीत या यंत्राला 'उत्खनक' म्हणतात. परंतु शेतात उभे राहून कोणी 'उत्खनक बोलवा' म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. लोक म्हणतात पोकलेन. हे वास्तविक पोक्लेन नावाच्या एका फ्रेंच कंपनीचे नाव. तिने १९५१ साली द्रवचालित खोदयंत्र बनवले आणि १९६१ साली स्वतःभोवती पूर्ण गोल फिरू शकणारे यंत्र आणले. आपल्याकडे लार्सन अँड टुब्रो या कंपनीने या पद्धतीची यंत्रे बनवली, आणि वनस्पती तुपाला जसे 'डालडा' हे नाव चिकटले, तसे या यंत्राला, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, 'पोकलेन' हे नाव चिकटले. चाकांवर धावणारे, पुढे मोठे सूप आणि मागे खोदणारा हात असलेले पिवळे यंत्र ते 'जेसीबी'. ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे. पोकलेन रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते, आणि त्याचा वरचा भाग कुंभाराच्या चाकासारखा फिरतो.

याच्या पूर्वजाला, विल्यम ओटिस याच्या वाफेच्या फावड्याला, अमेरिकेत १८३९ साली पेटंट मिळाले होते. त्यात बादली ओढायला साखळ्या असत, पुढे तारेचे दोर आले. आजच्या यंत्रात दोरांची जागा तेलाने घेतली आहे. पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. सुमारे २० टनी पोकलेनमध्ये तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३५० किलोग्रॅमच्या आसपास नेता येतो. बकेट फिरवणारा दट्ट्या साधारण साडेअकरा सेंमी. व्यासाचा धरा. त्याचे क्षेत्रफळ काढा. ते १०४ चौ. सेंमी. येईल. त्याला ३५० ने गुणा. छत्तीस टनांहून अधिक भाराइतके बल! मात्र हे सगळे बल दातांपर्यंत पोहोचत नाही. वाटेत सांध्यांच्या तरफा आहेत, आणि दातांच्या टोकाशी उरते ते सुमारे १४ टन. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

यंत्राचा हात आपल्या हातासारखाच आहे. खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड म्हणजे 'बूम', कोपरापासून मनगटापर्यंतचा 'आर्म', आणि मनगटाला जोडलेला पंजा ती 'बकेट'. फरक एवढाच, की आपल्याला देवाने एकच पंजा दिला आहे. पोकलेनला तो कामागणिक बदलता येतो.

शिगेचे माप

बाजारात धान्य पायलीने मोजले जाई त्या काळी 'सपाट माप' आणि 'शिगेचे माप' असा भेद असे. सपाट माप म्हणजे काठावरून काठी फिरवून वरचे धान्य पाडून टाकलेले. शिगेचे माप म्हणजे वर जेवढा ढीग राहील तेवढा राहू दिलेला. बकेटीच्या बाबतीत अगदी हाच भेद आहे. 'एक घनमीटरची बकेट' असे म्हटले तर पहिला प्रश्न विचारायचा: सपाट की शिगेची?

आणि शीग तरी किती धरायची? येथे एक गंमत आहे. अमेरिकन प्रमाणपद्धतीत शिगेचा उतार एकास एक, म्हणजे ४५ अंश धरतात. युरोपातील एका जुन्या पद्धतीत दोन आडवे तर एक उभे, म्हणजे सुमारे २७ अंशच. साहजिकच तीच बकेट एका माहितीपत्रकात मोठी आणि दुसऱ्यात लहान दिसते. केवळ आकडा पाहून बकेट घेणारा येथे फसू शकतो.

शीग प्रत्यक्षात किती राहील हे ठरवते ती माती, माहितीपत्रक नव्हे. तुम्ही हे घरी करून पाहू शकता. एका चमच्यात कोरडी वाळू, दुसऱ्यात ओलसर माती आणि तिसऱ्यात हरभऱ्याएवढी खडी भरा. ओलसर मातीची शीग उंच राहते, कोरडी वाळू घसरते आणि खडी तर वर थांबायलाच तयार नसते. शिवाय खडीच्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात त्या वेगळ्याच. यंत्र चालवणाऱ्यांच्या अनुभवातून याचे ठोकताळे तयार झाले आहेत. ओलसर, मऊ माती असेल तर बकेट तिच्या शिगेच्या मापाच्या १०० ते ११० टक्के भरते. कठीण, चिवट चिकणमातीत ८० ते ९० टक्के. सुरुंगाने चांगला फुटलेला खडक ६० ते ७५ टक्के, आणि नीट न फुटलेला, मोठमोठ्या धोंड्यांचा खडक असेल तर कशीबशी ४० ते ५० टक्के. म्हणजे एका घनमीटरची बकेट खडकात अर्ध्या घनमीटरचीच होऊन बसते!

एक शेततळे, तीन बकेटी

आता आपल्या शेततळ्याकडे वळू. महाराष्ट्रात शेततळ्यासाठी सरकारी अनुदान देणारी योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यातील मोठे प्रचलित माप म्हणजे वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजू उभ्या ठेवल्या तर त्या ढासळतील, म्हणून त्यांना एकास एक उतार देतात. मग तळाची लांबी-रुंदी राहते २४ मीटर. घनफळ किती? वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६, मध्यावरचे २७ गुणिले २७ म्हणजे ७२९. मध्याच्या क्षेत्रफळाची चौपट करून तिन्हींची बेरीज करा, तिला ६ ने भागा आणि खोलीने गुणा. उत्तर येते २,१९६ घनमीटर. पाण्याच्या भाषेत जवळजवळ बावीस लाख लिटर.

पण २,१९६ घनमीटर जागा खणली, म्हणून तेवढीच माती उचलावी लागेल असे मात्र नाही. घराच्या पायासाठी खड्डा खणून तीच माती परत भरली, तर ती खड्ड्यात मावत नाही हे तुम्ही पाहिले असेल. घट्ट बसलेली माती सुटी झाली की कणाकणांत हवा शिरते आणि ती फुगते. वाळू दहा-पंधरा टक्के फुगते, साधी माती पंचवीस, चिकणमाती तीस ते चाळीस, आणि खडक फुटला की पन्नास टक्क्यांहूनही अधिक. आपण सरासरी ३० टक्के धरू. म्हणजे उचलायची सुटी माती झाली सुमारे २,८५५ घनमीटर.

समजा, आपल्यापुढे तीन बकेटी ठेवल्या आहेत: ०.६, ०.९ आणि १.२ घनमीटरच्या. कोणती लावाल? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक हात तिसरीसाठी वर होतील. मोठी बकेट, कमी खेपा, लवकर काम. हिशेब करू या.

खोदणे, उचलणे, वळणे, ओतणे आणि परत येणे एवढे मिळून एक खेप. मुरमाड जमिनीत मधल्या बकेटीला एका खेपेला २० सेकंद लागतात आणि ती पूर्ण भरते असे माना. २,८५५ ला ०.९ ने भागा: ३,१७२ खेपा, म्हणजे सुमारे साडेसतरा तास. यंत्र तासातून पन्नास मिनिटेच खरोखर खोदते (बाकीचा वेळ पुढे-मागे सरकण्यात जातो) असे धरले, तर सुमारे २१ तास.

लहान बकेट चपळ असते. तिला १८ सेकंद द्या. पण खेपा होतात ४,७५८. एकूण साडेअठ्ठावीस तास.

आता मोठी. यंत्र तेच, दट्ट्या तोच, दातांपाशी बल तेच १४ टन. पण जबडा मोठा झाला. घट्ट मुरमात ती एका दमात भरत नाही. ऑपरेटर दोनदा ओढतो, तरी ८० टक्केच भरते. भरलेली जड बकेट फिरवताना यंत्रही सावकाश फिरवावे लागते. खेपेला २८ सेकंद धरा. एका खेपेत ०.९६ घनमीटर, खेपा २,९७४, आणि वेळ सुमारे २८ तास!

मोठी बकेट लावूनही आपण लहान बकेटीच्याच वेळेला येऊन पोहोचलो. मधलीपेक्षा सात तास जास्त. असे यंत्र तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पिते. तेव्हा ही चूक नव्वद-शंभर लिटर डिझेलची, आणि सात तासांच्या भाड्याची झाली. हे आकडे मी मानलेले आहेत हे खरे. तुमच्या गावच्या जमिनीत ते बदलतील. खेपेचे सेकंद घड्याळ लावून मोजता येतात. मोजा, आणि हिशेब पुन्हा करा. सैल, भुसभुशीत मातीत कदाचित मोठी बकेटच जिंकेल.

दात कशासाठी?

मुरूम फोडायचा, तर बकेटीच्या ओठाला दात हवेत. का, ते दाबाच्या सूत्रावरून कळते. समजा, ओठाला पाच दात आहेत आणि प्रत्येकाचे टोक १२ चौ. सेंमी. आहे. एकूण ६० चौ. सेंमी. १४ टन म्हणजे १४,००० किलोग्रॅम भार त्यांवर विभागला, तर दर चौ. सेंमी.ला सुमारे २३३ किलोग्रॅम. दात काढून टाकले आणि १२० सेंमी. लांब, अडीच सेंमी. जाडीचा सपाट ओठ तेवढाच ठेवला, तर क्षेत्रफळ ३०० चौ. सेंमी. होते आणि दाब येतो ४७ किलोग्रॅमच्या खाली. पाचपट कमी. कुदळ आणि फावडे यांत जो फरक, तोच हा. टिकावाला एका बाजूस टोक आणि दुसऱ्या बाजूस पाते असते, ते काही शोभेसाठी नव्हे.

मग कातळ लागला तर? पाचाऐवजी एकच दात ठेवा. असे आकड्यासारखे एकदाती अवजार असते, त्याला 'रिपर' म्हणतात. दाब होतो दर चौ. सेंमी.ला सुमारे १,१६७ किलोग्रॅम. एवढ्याने भेगाळलेला खडक उचकटता येतो; भेगेत पहार घालून धोंडा उचकटावा तसा. परंतु सह्याद्रीचा ताजा, अखंड काळा पाषाण चिरडायला बहुधा याहूनही पुष्कळ अधिक दाब लागतो. तेथे बकेटीने जबरदस्ती करायची नसते. बकेट उतरवून ठोके देणारा 'ब्रेकर' चढवायचा, किंवा परवानाधारकाकडून सुरुंग लावायचा, आणि मग फुटलेले धोंडे भरायला खडकाची खास बकेट लावायची.

ही खडकाची बकेट नुसती जाड पत्र्याची नसते. तिची लांबी, म्हणजे सांध्यापासून दाताच्या टोकापर्यंतचे अंतर, मुद्दाम कमी ठेवलेली असते. कारण तरफेचा नियम. सांध्याशी मिळणारा पीळ ठरलेला. टोक दीड मीटरवर असताना बल १४ टन मिळत असेल, तर टोक पावणेदोन मीटरवर नेताच ते १२ टनांवर येते. नारळ सोलताना हात जवळ धरावा लागतो, लांबून जोर लागत नाही, तसेच हे.

मग सगळीकडे खडकाचीच बकेट का वापरू नये? मजबूत ती मजबूत! असा विचार करणारे पुष्कळ असतात. पण ती मजबुती प्रत्येक खेपेला उचलावी लागते. नेहमीच्या बकेटीपेक्षा ती अडीचशे किलोग्रॅमने जड आहे असे धरा, आणि आपल्या शेततळ्याच्या ३,१७२ खेपा आठवा. मातीचा एक कणही न उचलता ७९३ टन लोखंड फुकट वरखाली केले!

दातांविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. ते बकेटीचाच भाग नसतात. ओठाला एक बुंधा कायमचा जोडलेला असतो आणि त्यावर दात टोपीसारखा चढवून खिळीने अडकवतात. पेन्सिल झिजावी तसे ते झिजतात. बोथट झालेल्या दाताचे टोक १२ ऐवजी ३६ चौ. सेंमी. झाले, तर दाब तिसऱ्या हिश्शावर येतो. यंत्र गुरगुरते, पट्टे मागे सरकतात, जमीन मात्र जागची हलत नाही. झिजलेला दात वेळीच बदलला नाही तर मागचा बुंधाच झिजू लागतो, आणि तो बदलायचा म्हणजे कापून नवा वेल्डिंग करावा लागतो.

दात जमीन खातात असे आपण म्हणतो; पण जमीनही दात खाते. तमिळनाडूत नेयवेली येथे लिग्नाइट कोळशाच्या प्रचंड उघड्या खाणी आहेत. तेथे पाळण्यासारखे फिरणारे अजस्र चाक आणि त्याच्या परिघावर रांगेने बसवलेल्या बकेटी अशी जर्मन पद्धतीची यंत्रे आणण्यात आली. जर्मनीतील मऊ मातीत ती सुरेख चालत. परंतु नेयवेलीच्या कोळशावर कडलूर वालुकाश्माचा थर आहे. तो कठीण आणि खरखरीत, जणू सहाणेचा दगड. बकेटींचे दात तेथे झपाट्याने झिजू लागले. शेवटी तो थर आधी सुरुंगांनी सैल करून मग खोदण्याची पद्धत घालावी लागली आणि दातांतही सुधारणा करावी लागली. यंत्र उत्तम होते; ते दुसऱ्या जमिनीसाठी केलेले होते, इतकेच.

काळी माती आणि चर

आपल्या दख्खनच्या पठारावर खणायला लागले की बहुधा तीन थर भेटतात: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पैकी मुरूम सर्वांत समजूतदार. त्रास देते ती काळी माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते आणि माती चिकट होते. अशी माती बकेटीत जाते आनंदाने, पण बाहेर यायला तयार नसते. बकेट उलटी केली तरी पाव हिस्सा आतच चिकटून राहतो. मग पुढच्या खेपेला जागा तीन चतुर्थांशच उरते, आणि तो पाव हिस्सा दिवसभर नुसता हिंडत राहतो.

याला उपाय दोन. एक, अशा मातीसाठी पसरट तोंडाची, उथळ, आत कोपरे नसलेली बकेट घेणे. इडलीपात्राचे खळगे आठवा. उथळ असतात म्हणून इडली सुटते. दुसरा उपाय शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको: वाफसा येण्याची वाट पाहणे. जी माती नांगराला चिकटत नाही ती बकेटीलाही चिकटत नाही. यंत्राच्या तारखा मात्र वाफशाला विचारून ठरत नाहीत, ही खरी अडचण.

पाण्याच्या नळासाठी चर खणताना प्रश्न निराळा असतो. समजा, ६० सेंमी. रुंद, दीड मीटर खोल आणि १०० मीटर लांब चर हवा आहे. माती होते ९० घनमीटर. यंत्राला १२० सेंमी.ची बकेट आधीच लावलेली आहे, बदलायचा कंटाळा. तिने चर खणला तर माती झाली १८० घनमीटर! दुप्पट खोदाई, दुप्पट भरणा. शिवाय परत भरलेली माती मूळच्यासारखी कधीच घट्ट बसत नाही. नळाचे काम झाल्यावर पहिल्याच पावसात रस्ता खचलेला तुम्ही पाहिला असेल. ठोकून न बसवलेला भरणा हे त्याचे नेहमीचे कारण, आणि चर जितका रुंद तितका असा भरणा अधिक.

आणि नळाचे काय? येथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील आयोवा येथे अ‍ॅन्सन मार्स्टन या अभियंत्याने पुरलेल्या नळांवरील भाराचा अभ्यास केला. त्याला असे दिसले, की अरुंद चरातील माती दोन्ही भिंतींना घासत खाली बसते, त्यामुळे तिचा काही भार भिंतीच पेलतात. चर रुंद केला की मधल्या मातीला भिंतींचा आधार उरत नाही आणि नळावरचा भार वाढतो. एका मर्यादेपर्यंत तो वाढतच जातो. मोठ्या सिमेंटच्या नळाला तडा जायला एवढे कारण पुरे होऊ शकते. म्हणजे खोली तीच, माती तीच, नळ तोच. केवळ बकेट रुंद.

अरुंद चरात एक धोकाही आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक घनमीटर माती दीड टनाहूनही जड असू शकते. उभी भिंत ढासळली तर कमरेपर्यंत गाडलेल्या माणसालाही ओढून काढता येत नाही. दीड मीटरहून खोल चरात फळ्यांचा आधार दिल्याशिवाय किंवा बाजूंना उतार दिल्याशिवाय कोणी उतरू नये. चेंडू पडला म्हणून तर मुळीच नाही.

किती पेलेल?

भरलेल्या बकेटीचे वजन पाहायचे, तर घनफळाला घनतेने गुणायचे. एक घनमीटर सुटा कोळसा एक टनाहून थोडा कमी भरतो. चिकणमाती ओली असेल तर १.७ टनांच्या आसपास. फुटलेला काळा पाषाण जवळजवळ दोन टन. म्हणून कोळशाच्या बकेटी ऐसपैस असतात, दगडाच्या आटोपशीर. बकेटीचे स्वतःचे वजनही यात मिळवायचे, आणि मग पाहायचे की हे सगळे किती लांब धरायचे आहे. बागेतल्या सीसॉवर लहान मूल अगदी टोकाला बसले तर जवळ बसलेल्या मोठ्या माणसालाही उचलते. पोकलेनचे पट्टे हा सीसॉचा टेकू. यंत्र पुढच्या दिशेने जेवढे पेलते तेवढे बाजूला वळल्यावर पेलत नाही, कारण पट्ट्यांची लांबी जास्त, दोहोंमधली रुंदी कमी. म्हणूनच भार उचलण्याच्या तक्त्यात यंत्र कलंडेल त्या भाराच्या जास्तीत जास्त ७५ टक्केच लिहिलेले असतात.

तलावातला गाळ काठावरूनच काढता यावा म्हणून पंधरा मीटरपर्यंत पोहोचणारा लांब हात काही यंत्रांना लावतात. तेव्हा त्याच २० टनी यंत्राची बकेट अर्ध्या घनमीटरवर किंवा त्याहून खाली आणावी लागते. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्या लांब हाताला एवढीशी वाटी! पाणथळ गाळाच्या बकेटीला भोके असतात, पाणी गळून जावे म्हणून. नाही तर पाण्याचीच ने-आण व्हायची. आणि दगड-माती वेगळी करायची असेल तर सळयांची बकेट असते. ती पाहिली की झाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता त्या ऑपरेटरकडे परत जाऊ. त्याने दातांची बकेट का उतरवली? शेततळ्याच्या तळातून आणि बाजूंतून पाणी मुरून जाऊ नये म्हणून आत प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. त्यालाच शेतकरी 'कागद' म्हणतात. कागदाच्या वर उभे राहते तीन मीटर पाणी, म्हणजे तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन भार. दातांच्या बकेटीने शेवटचा हात फिरवला, तर उतारावर नांगरासारख्या सऱ्या उमटतात आणि सऱ्यांच्या कडांवर अर्धवट सुटलेले अणकुचीदार खडे राहतात. पाणी भरले की कागद त्या खड्यांवर दाबला जातो. खड्याचे टोक लहान, म्हणजे दाब प्रचंड. मघा मुरूम फोडायला आपण वापरला तोच नियम, आता आपल्याच विरुद्ध. एखादे भोक पडले की पाणी हळूहळू मुरते, आणि बाग ऐन एप्रिलमध्ये तहानेली असताना तळे रिकामे सापडते. तेव्हा भोक शोधणार कुठे?

दुसरी बकेट चढली. ती चांगली दीड मीटर रुंद, सरळ ओठाची, बिनदाताची होती. ऑपरेटरने ती उतारावर टेकवली आणि वरून खाली अशी ओढत आणली. भाकरीच्या पिठावरून हात फिरवावा तसा तो उतार गुळगुळीत झाला. जे चार-दोन खडे वर आले ते शेतकऱ्याच्या दोन्ही मुलांनी घमेल्यात वेचून घेतले. शेतकरी आता घड्याळाकडे पाहत नव्हता.